हुपरीची सात नाकं

८ सप्टें., सोम.
गणपतीत साचलेले नमुने आज संपवले. धाप लागलेल्या तान्ह्या बाळांच्या नाकातले स्वॅब. इतर गावांचे व्यवस्थित. हुपरीचे सातच्या सात बाद. निगेटिव्ह नव्हे, बाद. विषाणू असो वा नसो, स्वॅबवर माणसाचं जनुक सापडायलाच हवं. तेच नाही. मशीनचं म्हणणं, स्वॅब नाकात गेलेलाच नाही.

आमच्या लॅबच्या सरांचं नेहमीचं : "नीट घेतले नसतील. टाकून दे, पुढचे बघ."

टाकले नाहीत. फ्रीजरच्या मागच्या कप्प्यात दडवले. एकाच गावचे सात, एकाच पद्धतीने बिघडलेले. निष्काळजीपणा इतका शिस्तीत नसतो.

९ सप्टें.
हुपरीच्या कांबळे सिस्टरना फोन. तिथले नमुने त्याच घेतात. मी आडवळणाने विचारलं, पण बाईंच्या लगेच लक्षात आलं.

"म्हंजे माझा हात चुकला म्हंतासा? पंधरा वर्सं झाली की मॅडम मला."

खजील झाले. मग त्यांनीच घेतलेले दुसरे नमुने काढून बघितले, दोन-तीन वर्षांच्या मुलांचे. सगळे उत्तम. हात चुकलेला नाही. तीन महिन्यांच्या आतली बाळं तेवढी बाद.

पुन्हा फोन. आधी माफी, मग प्रश्न : तान्ह्यांच्या नाकात असं काय असतं जे मोठ्या मुलांच्या नसतं?

"काय असतंय? शेंबूड." मग, "आणि त्याल. आंघूळ घालूनच आणत्यात की बाळं. डोक्यापास्नं पायापतोर चकाकत असत्यात."

तेल! नाकात तेल!

१० सप्टें.
आईला वारणानगरला फोन. लहानपणी माझ्या नाकात तेल घालायचे का?

"घालायचं म्हंजे? रोज दोन थेंब, कोमट. शिंकून शिंकून घर डोक्याव घ्यायचीस." मग, "एवढी विषाणूंची डाक्टर झालीस आणि ह्ये मला विचारतीस व्हय?"

दुपारी खोबरेल कोमट करून स्वतःच्या नाकात दोन थेंब. दहा मिनिटांनी स्वॅब. निकाल : माणसाचं जनुक नाही. मशीनच्या लेखी मी माणूस नाही. सरांना नेऊन दाखवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, "मला शंका होतीच."

१२ सप्टें., शुक्र.
मागच्या कप्प्यातले सात बाहेर. तेल काढून, पातळ करून पुन्हा मशीनला लावले. पाच आरएसव्ही! मोठ्यांना नुसती सर्दी देऊन सोडणारा आणि तान्ह्यांच्या छातीत जाऊन बसणारा विषाणू. खुर्चीतून उडालेच मी.

मग लाज वाटली. पाचांतलं एक, चाळीस दिवसांचं, वरच्या मजल्यावर आमच्याच वॉर्डात ऑक्सिजनवर आहे. बघायला गेले. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. शेजारी आजी.

"कुणाचं आलं ह्ये डाक्टरीणबाई? नाव सांगा फकस्त. पुन्ना उंबरा चढू दिला तर बघा."

 मलाही माहीत नव्हतं. पण म्हातारीचा प्रश्न बरोबर आहे. इतकी लहान बाळं घराबाहेर पडत नाहीत. पाच घरं पाच गल्ल्यांत. दोन तर पहिलटकरणी, म्हणजे शाळेतून सर्दी घेऊन येणारं थोरलं भावंडही नाही. मग हा पाच घरांत गेला कसा? चालत?

१६ सप्टें., मंगळ.
चालत. अगदी खरोखर चालत.

सकाळी हुपरीत. सिस्टरच्या स्कूटीवर मागे बसून. घराघरातून चांदीकामाची ठाकठोक, आम्ही त्यातल्या एका घराच्या न्हाणीत. गौराक्का, गावातली तान्ही बाळं न्हाऊ घालणारी. साठी उलटलेली, किरकोळ अंगाची बाई. पाटावर बसून पाय लांब सोडलेले, नडग्यांवर बाळ पालथं. हात असे फिरत होते की बाळ रडायचं विसरलं. मीही वही उघडायची विसरले. तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, पुसून झाल्यावर नाकात दोन थेंब. आणि मग तोंड अगदी जवळ नेऊन दोन्ही नाकपुड्यांत एकेक फुंकर.

त्यानंतर पदराने स्वतःचं नाक पुसलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरकडे.

रोज सात घरं. आमच्या नमुन्यांचीच सात.

ओसरीवर बसून बोललो. मी काहीही लपवलं नाही. पाच बाळांत एकच विषाणू, एक बाळ ऑक्सिजनवर, मोठ्या माणसाला तोच झाला तर नुसतं नाक गळतं.

"अक्का, तुमची सर्दी कधीपासून?"

"कुणाला ध्यानात ऱ्हातंय? गणपतीतच की."  तिला कळायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

"माझ्यापास्नं झालं म्हंतासा?"

"माहीत नाही. तुमच्या नाकातला नमुना दिलात तर बघता येईल. नाही दिलात तरी चालेल."

"घ्या की. माझ्या नाकात त्याल न्हाय." हसली, पण लगेच बोट वर करून, "पर निकाल पयला मला. गावाला न्हाय. चाळीस वर्सं ह्येच करतोय मी, दुसरं काय येत न्हाय मला. एका घरानं दार लावलं की सातबी लावत्यात."

शब्द दिला. सर्दी आहे तोवर तरी मास्क लावा, फुंकर नको, हात साबणाने, हेही सांगितलं. "तोंड बांदून? पोरं भेतील की." तरी मास्कची पाकिटं घेतली. आज पाच घरं राहिली होती. ती सिस्टरच्या देखरेखीखाली झाली, मास्क लावून. दोन बाळं खरंच भोकाड पसरून रडली.

१९ सप्टें.
ऑक्सिजन काढला! पठ्ठ्या दूध ओढून पितोय. आजीने पेढा दिला आणि पेढ्याबरोबर तोच प्रश्न. "नाव कळलं का?"

"नाही अजून." खरं आहे. पण खरं बोलल्यासारखं वाटलं नाही.

२२ सप्टें., सोम.
घट बसले. गर्दीमुळे पोचायला उशीर.

गौराक्का पॉझिटिव्ह. पाच बाळांच्या आणि तिच्या विषाणूची जनुकीय अक्षरं शेजारी शेजारी लावली. सहाही सारखी. मी कॉरिडॉरमधून सरांच्या खोलीपर्यंत पळत गेले, या वयात. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? दोन आठवडे डोकं खाणारी गोष्ट सरळ रेषेत येऊन बसली होती.

सर : "एक बाई, पाच बाळं! लगेच पेपर लिहायला घे."

"सर, तिने बाळांना दिला की पहिल्या बाळाकडून तिला आला, हे यातून कळत नाही."

"त्याने काय फरक पडतो? घरोघर नेला तिनेच."

"तिला पडतो."

"नाव नको घालूस मग."

हुपरीतल्या सात घरांत न्हाऊ घालणारी बाई, एवढं लिहिल्यावर नाव घालायचं राहिलंय काय? सरांना म्हटलं, आधी तिला सांगते, मग बघू. सर नाराज. चालेल.

खरं तर मलाही लिहायचंय. हातात खाज सुटलीय. हेच त्रास देतंय.

२४ सप्टें., बुध.
गौराक्काला तिच्या घरी भेटले. वाटेत तयारी केली होती : दोष नाही, कुणालाही होतं, दिशा कळत नाही, नाव कुठेही येणार नाही, काम सुटणार नाही. सगळं पाठ.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी दिलं का मला दिलं, कळत न्हाय."

"नाही कळत."

"कदीच?"

"यातलं नाही कळणार."

मला वाटलं, आता कामाचं विचारेल, दार लावणाऱ्यांचं. तिने चार नावं घेतली. चार बाळं, कुणाच्या घरचं, कितवं, किती दिवसांचं. चारी तिने न्हाऊ घातलेली, धाप लागून गेलेली. इतक्या वर्षांत. शेवटचं तिच्या लेकीचं, नव्वद दिवसांचं.

"त्या चौघास्नी ह्येच हुतं का, डाक्टरीणबाई? मला तवा सर्दी हुती का न्हवती, मला ध्यानातच न्हाय ओ. किती आठवतोय मी."

मी म्हटलं, तेव्हाचे नमुने नाहीत, सांगता येणार नाही. धाप शंभर कारणांनी लागते, तेही सांगितलं. तिने मान हलवली. चहा टाकला. मी तिला दिलासा द्यायला गेले होते आणि तिच्या डोक्यात हे घालून परत आले. येताना एसटीत रडले.

२६ सप्टें., शुक्र.
कांबळे सिस्टरचा फोन. गौराक्का कालपासून एकाही घरी गेलेली नाही. बाळंतिणी तिच्या दाराशी बोलवायला येतायत, अगदी त्या ऑक्सिजनवाल्या बाळाची आजीसुद्धा. "हात लावायचा न्हाय म्हंती मॅडम. किती दिवस, ते सांगत न्हाय."

आणि सिस्टरनी एक पिशवी पाठवलीय, नमुन्यांच्या डब्याबरोबर. गौराक्काने दिली. आत लेकीच्या बाळाचं दुपटं, ते गेलं त्या दिवसापासून न धुतलेलं. निरोप : एवढ्यात कायतरी सापडलं तर बघा.

काही सापडणार नाही. इतक्या वर्षांनी, कापडावर, पेटीत. मला माहीत आहे. सर बघतील तर हसतील. आणि समजा चुकून सापडलंच, तर तिला काय सांगू? नाही सापडलं तर त्याचाही अर्थ 'तू नाहीस' असा होत नाही, हे कसं सांगू?

नोंदवहीत नंबर घातला. नमुन्याचा प्रकार : दुपटं. तपासणी कोणती, हा रकाना रिकामा आहे. पिशवी टेबलावर आहे, अजून उघडलेली नाही.