शेवटच्या ओळीचा जल्लाद

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण साधं आहे. ‘उलटी शिडी’ या बँडच्या ‘शेवटची ओळ’ या गाण्याचा पूर्ण अर्थ जगात एकाच माणसाला लागलेला आहे, आणि त्याने तो कसा लावला याची कुठेतरी नोंद हवी. ती ठेवायला तो माणूस सोडून दुसरं कोणी तयार नाही.

सकाळी या गाण्याच्या चाहत्यांच्या मंडळाची बैठक. झेरॉक्सवाल्याच्या दुकानाचा माळा, नेहमीप्रमाणे. मंडळाचा नियम: आधी गाणं ऐकायचं, कोणी चकार शब्द काढायचा नाही. मग ज्याची पाळी त्याने एका ओळीवर बोलायचं. आज ‘हनुवटी टेकवा, हलू नका’. पाळी दातांच्या डॉक्टरांची होती. मी सुरुवात करून दिली. मग वेळ संपली.

डॉक्टरांचं म्हणणं, गाणं पुनर्जन्माबद्दल आहे. ‘हे बरं, की आधीचं?’ म्हणजे हा जन्म की मागचा. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून माणसाचं असं होत असावं. भूगोलाच्या बाई म्हणतात, प्रेमगीत आहे. प्रेम! एवढं मोठं गाणं आणि त्यात प्रेम शोधायचं म्हणजे समुद्रावर जाऊन पाय धुऊन परत येणं. झेरॉक्सवाला म्हणाला, ड्रम्स भारी आहेत. तो दर रविवारी हेच म्हणतो. जागा त्याची असल्यामुळे आम्ही मान डोलावतो.

खरा अर्थ: शिरच्छेद. अंधारी खोली. समोर कैदी. जल्लाद म्हणतो, हनुवटी टेकवा, हलू नका. ‘टेकव’ नाही, ‘टेकवा’. मान उडवतानासुद्धा अहोजाहो! हीच तर शोकांतिका. ‘लाल ठळक, की हिरवं?’ म्हणजे बोल, कोणत्या पक्षाचा आहेस. ‘शेवटची ओळ वाचा’ म्हणजे कबुलीजबाब. आणि गाण्याच्या सुरुवातीला जी बारीक शीळ आहे ती पहारेकऱ्याची. सगळं चपखल बसतं. कुठे फट नाही.

३० तारखेला गाण्याचा वाढदिवस. त्या दिवशी माझं जाहीर व्याख्यान. संकल्प: रोज दोन पानं.

३ मार्च, सोमवार

पानं झाली नाहीत. मी नोकरी करतो त्या नळांच्या दुकानात गर्दी. एक गृहस्थ शॉवर बघायला आले आणि पाण्याच्या दाबावर तासभर बोलत राहिले. काही माणसांना आपण किती बोलतो याचं भानच नसतं.

जेवताना बायको म्हणाली, कंपनी दुसऱ्या शहरात नवी शाखा काढतेय, मला प्रमुख म्हणून ये म्हणतायत, महिनाअखेरीस कळवायचंय. (बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.) मी म्हणालो, बघू. म्हणाली, काय बघू? मी म्हणालो, तीस तारीख होऊ दे.

तिने ताटं उचलली.

६ मार्च, गुरुवार

घरात अभ्यासाला वातावरण नाही. गाणं लावलं की बायको गच्चीत कपडे बघायला जाते. दोरीवर कपडे नसले तरी जाते. आणि स्वयंपाकघरात असली की शीळ घालते. जुनी खोड. काम आटोपलं, की दिवा लावण्याआधी किंवा मालवण्याआधी एक बारीक शीळ.

आज नीट ऐकली तर चक्क माझ्याच गाण्यातली! माझी साधना भिंतींतून झिरपतेय तर. पण दुसरा सूर चुकत होता. आत जाऊन सांगितलं, अगं, मूळ गाण्यात तो खाली आहे, तू वर नेतेस. दोनदा करून दाखवलं. हातातलं पातेलं खाली ठेवलं तिने. मग म्हणाली, मूळ असंच आहे.

हट्टी आहे. पण कान तयार होतोय.

९ मार्च, रविवार

बैठक. बाईंना कॅसेटच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं दिसेनात. हात लांब करून बघितलं, खिडकीशी नेऊन बघितलं. मी मोठ्या मनाने म्हणालो, आमच्या हिच्याकडे जा, माझं नाव सांगा, नीट तपासून देईल. बाई म्हणाल्या, जन्मात कधी डोळे तपासले नाहीत हो. मी म्हणालो, मीसुद्धा नाही. बायको किती वर्षं मागे लागलीय. पण माझी नजर उत्तम आहे, हल्ली छापणारेच अक्षर बारीक करतात.

डॉक्टरांकडे चष्मा आहे, पण फुटपाथवरून घेतलेला. घाईत माणूस पुनर्जन्म घेतो तसा चष्मा घेतलाय त्यांनी. हे वाक्य व्याख्यानात घालावं.

१२ मार्च, बुधवार

पानं: प्रस्तावना लिहून झाली. बरीचशी खोडली.

बायको म्हणाली, तुझ्या त्या भूगोलाच्या बाई येऊन गेल्या. गोड आहेत. पण तपासताना मध्येच हसत सुटल्या. मग डोळे भरून आले त्यांचे, आणि मी थेंबसुद्धा घातले नव्हते. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, तुम्ही फार सोसलंत.

मी म्हणालो, शिक्षकी पेशा, ताण असतो.

१६ मार्च, रविवार

बाई नव्या चष्म्यात आल्या. गाणं सुरू झाल्यावर डोळे मिटून बसल्या. संपल्यावर मी मुद्दाम डिवचलं, काय बाई, प्रेमगीत ना? एरवी तावातावाने भांडतात. आज म्हणाल्या, तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या.

माझ्यासमोर मुद्दा उरला नाही की लोक असे अंगावर येतात. मनाला लावून घेतलं नाही. घरी आल्यावर बराच वेळ बोललो नाही, पण ते मनाला लावून घेतल्यामुळे नव्हे.

बायको म्हणाली, आज घर कसं शांत आहे. खुशीत दिसली. नव्या शाखेचा विषय काढणार होती, तेवढ्यात मला बाईंच्या टोमण्याला उत्तर सुचलं आणि मी ते तिला सविस्तर सांगितलं.

२० मार्च, गुरुवार

मोठी बातमी. बायको म्हणाली, अरे, तुझं अख्खं मंडळ डोळे तपासायला येतंय. सोमवारी दातांचे डॉक्टर, काल झेरॉक्सवाला. डॉक्टरांचा नंबर त्यांच्या फुटपाथच्या चष्म्याएवढाच निघाला. झेरॉक्सवाल्याला नंबरच नाही. आणि तो म्हणतो कसा, ताई, परत एकदा पहिल्यापासून घ्या ना. दोघांनीही विचारलं, तुम्ही शीळ घालता का?

मी म्हणालो, माझा प्रभाव आहे. मी एकदा शब्द टाकला, तुझ्या दुकानाला गिऱ्हाइकांची रांग.

ती म्हणाली, तुला खरंच काही म्हणजे काही वाटत नाही? मी म्हणालो, अभिमान वाटतो.

२३ मार्च, रविवार

कट. शुद्ध कट.

बैठकीला गेलो तर तिघं आधीच कुजबुजत होते. मला बघून गप्प. मग डॉक्टर म्हणाले, व्याख्यान रद्द करूया का? सभागृहाचं मी बघतो. मी म्हणालो, का? म्हणाले, उन्हाळा आहे. बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेस येणार आहेत का हो त्या दिवशी? मी म्हणालो, आजवर कधी आली नाही. बाई म्हणाल्या, हुश्श.

आणि मग डॉक्टरांनी पुनर्जन्माचा सिद्धांत मागे घेतला! स्वतःहून! म्हणाले, माझं चुकलं. मी म्हणालो, आता शिरच्छेद मान्य करा. ते म्हणाले, तुमच्या बाबतीत मान्य.

विजय. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झगडलो तो क्षण, आणि झेरॉक्सवाला ड्रम्सबद्दल एक अक्षर बोलला नाही. वेगळंच वाटलं. मला बिस्किटाचा पुडा दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

जळतात. पण प्रेमाने जळतात.

२५ मार्च, मंगळवार

बायको म्हणाली, सोमवारी उत्तर द्यायचंय. मी गेले तर काय, राहिले तर काय, एकदा बसून बोलूया का? मी म्हणालो, अगदी बोलूया, रविवार होऊ दे.

मग तीच म्हणाली, तुझं ते गाणं आहे तरी कशाबद्दल? इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी भात कालवलेला तसाच ठेवून सगळं सांगितलं. जल्लाद, कैदी, पक्ष, कबुलीजबाब. हनुवटी हातावर टेकवून ऐकत होती. अजिबात हलली नाही. शेवटी म्हणाली, जल्लाद? मी म्हणालो, जल्लाद. म्हणाली, आणि तो बाई असू शकतो का? मी हसलो. जल्लाद आणि बाई!

म्हणाली, रविवारी येते मी ऐकायला.

मन भरून आलं. ही जवळ येतेय.

२९ मार्च, शनिवार

व्याख्यान तयार. दुकानात मालक ओरडले. म्हणे एका गिऱ्हाइकाला गरम पाण्याचा नळ मागितला तर गार पाण्याचा दिला, बिलावर आकडे भलतेच, तुम्हाला दिसत नाही का? मी म्हणालो, डोक्यात मोठं काम आहे. ते म्हणाले, मग ते तिथेच ठेवा, बिलावर उतरवू नका.

शर्ट इस्त्री केला. स्वतःच केला. एक बाही राहिली.

डॉक्टरांचा फोन. अजून विचार करा, म्हणाले. ठेवून दिला.

३० मार्च, रविवार. दुपार.

व्याख्यान झालं. यशस्वी म्हणता येईल. लोक होते. खुर्च्या जास्त होत्या, पण लोक होते.

आधी गाणं लावलं. शीळ सुरू झाली आणि मंडळाच्या तिघांनीही माना वळवून मागच्या रांगेकडे बघितलं. तिथे बायको बसली होती. मी टाचणात लिहिलं: मागचा स्पीकर बिघडला असावा. बायको खाली बघत होती. मग बघितलं तर हसत होती. मग नव्हती.

मी बोललो. मध्यंतर घ्यायला लागलं, कारण काही जणांना बस होत्या. मध्यंतरात बायको बाहेर जाऊन फोनवर बोलत होती.

उत्तरार्धात जल्लादाच्या मनोव्यापारात शिरलो. बाई डोळे पुसत होत्या. समारोपाचं पान हातात घेतलं आणि वाचता येईना. दिवा मंद होता. पान लांब धरलं. आणखी लांब धरलं. हात संपला. शेवटी म्हणालो, एकूण काय, तर शिरच्छेद. टाळ्या झाल्या. झेरॉक्सवाला उभा राहून वाजवत होता, पण मला वाटतं सुटल्याबद्दल.

परत येताना बायको गप्प. भारावली असणार.

३१ मार्च, सोमवार

बायको म्हणाली, आज माझ्याबरोबर चल, दुकान उघडायच्या आधी. काल तुला स्वतःचं अक्षर वाचता आलं नाही, सगळ्यांनी बघितलं. गेलो. घसा बसलेला, वाद घालता येईना.

आतली खोली. तिने दिवा मालवला. अंगात पांढरा कोट होता. कोट चढला की सवयीने तोंडात अहोजाहो येतं वाटतं तिच्या, कारण मला म्हणाली, हनुवटी टेकवा. हलू नका.

मी हललो.

म्हणाली, हलू नका म्हटलं ना.

मग समोर लाल आणि हिरव्या चौकोनात अक्षरं आली. लाल ठळक, की हिरवं? तिने भिंग बदललं. हे बरं, की आधीचं? पुन्हा बदललं. हे बरं, की आधीचं? मग म्हणाली, शेवटची ओळ वाचा. वाचली. सगळी चुकली.

तिने शीळ घातली आणि दिवा लावला. दुसरा सूर वर होता.

मग विचारलं, ‘उलटी शिडी’चा तो गाणं लिहिणारा इथे यायचा? म्हणाली, यायचा. डोळे ठणठणीत होते, तरी दर आठवड्याला यायचा. दीड वर्षं हिंडलो आम्ही बरोबर. मग? मग काय. माणूस वाईट नव्हता, पण बोलायचा. गाणं केलं की त्याचा अर्थ सांगायचा. जेवताना अर्थ, बसमध्ये अर्थ, मी आजारी पडले तर उशाशी बसून अर्थ. कान किटले माझे. आणि एक दिवस तू दुकानात बेसिनचा नळ बसवायला आलास. सकाळपासून बेसिनखाली होतास. बाहेर आलास, हात पुसलेस, झालं म्हणालास आणि गेलास. मला वाटलं, हाच.

मी म्हणालो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू विचारलंस कधी? तू सांगत होतास.

शाखेचं विचारलं. होकार कळवलाय. काल मध्यंतरात. पुढच्या आठवड्यात जायचंय. राहायला खोलीसुद्धा बघून झालीय, दातांच्या डॉक्टरांच्या ओळखीने. मी तिकडे यायचं की नाही, ते ती तिकडे गेल्यावर ठरवणार आहे. म्हणाली, मला थोडे दिवस नुसतं शांत बसायचंय.

मी म्हणालो, बरं.

ती थांबली. बहुधा पुढे काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. म्हणाली, बघ, जमतं तुला.

त्याने जरा धीर आला. विचारलं, खोली कशी आहे? म्हणाली, चांगली आहे, उजेड आहे, फक्त नळ गळतो. मी ताडकन उठलो. म्हणालो, शनिवारी येतो, हत्यारं घेऊन. थेट बेसिनखाली. एक शब्द बोलणार नाही.

म्हणाली, घरमालकाने प्लंबर सांगितलाय.