विंचवाचं विष आणि साबणाच्या रेघा

बाई, आज एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, तुमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, मग पेप्टाइडं ओळखायचात कशी? म्हटलं, बोरीवलीला, आमच्या बाईंच्या स्वयंपाकघरात, फरशीवर! ती हसत सुटली, आणि मला तुमची इतकी आठवण आली की लिहायलाच बसले.

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. अंधेरीच्या कॉलेजात मी तुमच्या हाताखाली विंचवाच्या विषावर काम करतेय. विषात पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची, नुसती गर्दी. सगळी एकदम यंत्रात घातली की दांडगी तेवढी दिसतात, बाकीची गप्प. म्हणून तुम्ही ती आधी वेगळी करून निरनिराळ्या कुप्यांत भरायला लावलीत. "घाई नको गो, एकेकाक बोलूक दी," हे तुमचं मालवणी. तुकड्यांचं वजन मोजणारं ते यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, दुसऱ्या संस्थेचं, आपल्याला मिळाला एकच दिवस. काही सापडलं नाही तर माझी शिष्यवृत्ती बंद, आणि बाबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणूनच ठेवलेला.

त्यात तुमचं ते स्वच्छतेचं वेड! मी धुतलेल्या कुप्या तुम्ही परत स्वतः साबणाने घासल्यात, मग आपण नमुने भरले. यंत्रातून कागद आला तो रेघांनी गच्च, एकेक रेघ म्हणजे एकेका तुकड्याचं वजन. मी नाचायचीच बाकी. घरी तुम्ही तो फरशीवर पसरलात, कडांवर डाळीचे डबे ठेवलेत, आणि आपण गुडघ्यांवर बसून दोन रेघांमधला फरक काढू लागलो. फरकावरूनच पेप्टाइडाच्या माळेतला मणी, म्हणजे अमिनो आम्ल, कळतं, सत्तावन्न आलं की ग्लायसीन. इथे आपलं चव्वेचाळीस, परत चव्वेचाळीस. असं अमिनो आम्लच नाही! तुम्ही कपाळावर हात मारलात. "मेलंय गो! ह्यो तर साबण!" कुप्यांत चिकटून राहिलेल्या साबणाच्याच त्या चव्वेचाळीसच्या रेघा. आणि अशा हसलात की शेजारीण डोकावून गेली. मी रडत होते, मग मीही हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही यंत्रावरच्या साहेबांसमोर उभ्या राहिलात. "चूक माझी आहे, पोरीची नाही. आणखी एक दिवस द्या." दिला त्यांनी! उरलेलं विष, बिनसाबणाच्या कुप्या, आणि पुन्हा तीच फरशी. या वेळी सत्तावन्न आलं, एकाहत्तर आलं, एकेक आम्ल ओळीने लागत गेलं. तुम्ही मला गच्च मिठी मारलीत आणि शिरा करायला घेतलात. बाई, तेवढा आनंद मला नंतर पीएचडी मिळाल्यावरही झाला नाही.

तुम्ही तर गेलात, हे पत्र टाकायचं कुठे? पण एक सांगते, रागावू नका. दरवर्षी नव्या पोरांना मी ही साबणाची गोष्ट सांगते, आणि कुप्या मीच घासल्या होत्या असं ठोकून देते. तुमच्यावर हसायचा हक्क मी अजून कुणाला दिलेला नाही.