टेप आत येत गेली

दादा,

मी कामावर चालले. जेवण झाकून ठेवलंय. खाल्ल्यावर ताट धुऊन ठेव, दर वेळी सांगायला लावू नकोस.

आईच्या शिवणाच्या जुन्या व्हिडिओंचा ऑनलाइन कोर्स करायची तुझी कल्पना चांगलीच आहे. बाबा गेल्यापासून घराला हातभार हवाच आहे. म्हणून काल मी सगळे व्हिडिओ तारखेप्रमाणे एकापाठोपाठ लावले. सुटे बघताना कधी लक्षातच आलं नव्हतं. मापं घ्यायला आई दर वेळी बाबांनाच उभं करायची ना? दर व्हिडिओत कमरेची टेप आत आत येत गेलीय. तेव्हा बाबांचा आजार कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. शेवटच्या व्हिडिओत तर आई हसत दटावते, "अहो, कॅमेऱ्यासमोर ऐट नको, पोट सोडा बघू!" बाबाही हसतात.

आईला एवढ्यात काही दाखवू नकोस. विचारलंच तर आवाज नीट करतोय म्हणून सांग. तो शेवटचा पँटचा धडा आपण नव्याने शूट करू, मापाला तू उभा राहा.

दादा, तेव्हा सोडायला पोट उरलंच नव्हतं रे.