अक्काचं कार्ड आणि माझे क्रीमरोल

तीर्थस्वरूप अक्कास, कान धरून साष्टांग नमस्कार. (एका वेळी दोन्ही जमत नाही, भाव समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? माझी तब्येत ठीक, मन मात्र ठिकाणावर नाही.

छापखान्याच्या कँटीनमध्ये रोख पैसे बंद होऊन नुसतं टेकवायचं कार्ड आलं, तेव्हा तू तुझ्या पैशांनी ते भरून दिलंस. अट एकच, फळं आणि सूप घ्यायचं, गोडाला शिवायचं नाही. मी तुझ्या गळ्याची शपथ घेतली. पण अक्का, नोट मोडताना हात जरा तरी अडखळतो. कार्ड टेकवताना कसला अडखळतोय! दिवसभर पुस्तकं शिवून खळीनं बोटं चिकटली की मी सूप आणायला म्हणून जायचो आणि क्रीमरोल घेऊन यायचो. कागद कापणाऱ्या कटिंगवाल्यालाही (तो नको नको म्हणत दोन खातो) तुझ्या नावानं खिलवले.

मग एक दिवस गल्ल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "काका, प्रत्येक खरेदीचा मेसेज जातो बरं का कार्डवाल्याला." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे माझा एकेक क्रीमरोल तुला घरबसल्या कळत होता! तुझ्या तोंडाला कोण लागणार? फोन बंद केला आणि खळीच्या डब्यामागे लपवला. आज तीन आठवडे झाले. तेव्हापासून एकही क्रीमरोल गोड लागला नाही. (खाल्ले, पण गोड लागले नाहीत.) चुकलो गं. साखर वाढल्याचं एवढं वाईट वाटत नाही, जेवढं तुझी शपथ मोडल्याचं वाटतं.

तुझा अपराधी,
बोका

ता. क. पाकिटावर घालायला तुझा पिनकोड हवा म्हणून आत्ता फोन सुरू केला. क्रीमरोलचे सगळे मेसेज माझ्याच फोनवर! (एरवी मी मेसेज उघडतो कुठे?) कार्डाचा फॉर्म भरताना नंबर मीच माझा लिहिला होता. तुला कशाचा पत्ताच नाही. हे पत्र फाडूनच टाकणार होतो.

आणखी एक ता. क. त्या क्रीमरोलांच्या मधेमधे तुझे अकरा फोन येऊन गेलेले दिसले. आणि निरोप, "मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. भीती वाटते रे. येशील?" मंगळवार होऊन चार दिवस झाले. कालचा निरोप, "ऑपरेशन नीट झालं. कार्डातले पैसे संपले असतील म्हणून पुन्हा भरलेत. उपाशी राहू नकोस."

पत्र फाडत नाही. पोस्टातही टाकत नाही, घेऊनच निघालोय. तुझ्या उशाशी बसून सगळं वाचून दाखवीन. कान तेव्हा तूच धर.