बारा किलोची स्प्रिंग

३ फेब्रुवारी

बारा! पुढच्या चाकांना बारा किलोच्या स्प्रिंगा हव्यात म्हणे! जावईबापूंचं फर्मान. हा माणूस दिवसभर लोकांच्या दाढा उपटतो आणि मला स्प्रिंग शिकवतो. उभा जन्म गॅरेजात गाड्यांच्या पोटाखाली काढला, तो काय झोपा काढायला?

बाराची म्हणजे बारा किलो भार टाकावा तेव्हा कुठे एक मिलिमीटर दबणार. दगडच तो! सपाट ट्रॅकवर चालेल. पण यांची शर्यत डोंगरातल्या रस्त्यावर, तिथे जागोजाग उंचवटे. कडक स्प्रिंग उंचवट्यावर चाक उचलते, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही. हे त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. दर वेळी आधी भिंगरीकडे बघतो, मग मान हलवून म्हणतो, "तरी पण बाबा, बाराच बघा ना." नंदीबैल!

भिंगरी म्हणजे माझी लेक. शर्यतीत त्याच्या शेजारी डाव्या सीटवर बसते, कागदावरून पुढची वळणं वाचून दाखवते. दरीही डावीकडेच आहे.

४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी

ही म्हणाली, "एवढा जीव जातोय तर तिला जाऊच देऊ नका." सोपं आहे बोलायला! लग्न झालेल्या मुलीला मी कोण अडवणार? एकदा अडवलं, तेच खूप झालं.

तेव्हा ती स्वतः चालवायची. त्याच डोंगरात गाडी उलटली. काच फोडून मी बाहेर काढलं तिला. कपाळ फाटलेलं, आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "गाडीचं काय झालं?" हॉस्पिटलातच शब्द घेतला, पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दिला तिने. रडली नाही, काही नाही. मग वर्षभराने शर्यतीचं वेड असलेला दातांचा डॉक्टर कुठून शोधून आणला देव जाणे. निदान चालवत नाही, नुसती बसते, म्हणून गप्प राहिलो.

त्या दिवसापासून मी डोंगराकडे फिरकलेलो नाही. गाडी इथून जाते, इथेच परत येते. मधलं मला बघवत नाही.

१० फेब्रुवारी

कॉइलओव्हरचा संच आला. शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग, अंगाला आटे, रिंग फिरवली की गाडी हवी तेवढी वर-खाली. देखणं काम आहे, खोटं कशाला बोला! सोबत स्प्रिंगांच्या दोन जोड्या. आठच्या लाल, बाराच्या निळ्या. निळ्या मागवाव्या लागल्या, नाहीतर हे दुसऱ्या कुणाकडे गेले असते. दुसऱ्या कुणाच्या हातच्या गाडीत तिला बसवू?

आज लाल बसवल्या. मग चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले आणि दोघांना आत बसवलं. रिकाम्या गाडीचं वजन घेऊन उपयोग नसतो. माणसं बसलेली हवीत, आपापल्या जागी, तरच कुठल्या चाकावर किती भार येतो ते कळतं आणि रिंगा जुळवता येतात. जावईबापू उजवीकडे स्टिअरिंगमागे, पोट त्याला टेकलेलं. भिंगरी डावीकडे, पिसासारखी.

तासभर रिंगा फिरवत होतो. मधेच म्हणते, "बाबा, जागा बदलून एकदा बघू या का?" मी खेकसलो, "हा काय संगीतखुर्चीचा खेळ आहे?"

१४ फेब्रुवारी

सरावाहून आले. "डुलते," म्हणे. "गाडीचं नाक उशिरा ऐकतं. आणि उजवीकडे वळताना छान, पण डावीकडे वळताना नाक बाहेर पळतं."

बाहेर म्हणजे कुठे, किती, ब्रेक सोडल्यावर की गॅस दिल्यावर? जावयाला काही सांगता येईना. "म्हणजे... असं... आत शिरतानाच ना गं?" पुन्हा बायकोकडे बघतो! अरे, गाडी तू चालवतोस की ती?

१५ फेब्रुवारी

काटे पुन्हा लावून बघितले. भार बरोबर. चाकांचे कोन बरोबर. मग डावीकडेच का? काही केल्या कळेना. आजवर असं झालं नव्हतं. मोठमोठे गाडीवाले पायरी चढून माझ्याकडे येतात, आणि घरच्याच गाडीचं दुखणं मला सापडत नाही!

१७ फेब्रुवारी

तेच. उजवी छान, डावी वाईट.

२० फेब्रुवारी

हरलो. निळ्या लावल्या.

शेवटचा बोल्ट आवळला. बोनेटवर दोन्ही हातांनी जोर दिला, हललीसुद्धा नाही. जावई खूश. भिंगरीने तर येऊन गळ्यातच हात टाकले. तिला काय एवढं झालं? तिला त्या दगडावर बसून हाडं खिळखिळी करून घ्यायचीत!

ही शेजारीच उभी होती. म्हणाली, "अहो, लेकीला काय हवंय ते कधी नीट विचारलंत का?" विचारायचं काय त्यात? तिला जिवंत ठेवायचं आहे. एवढंच मला हवंय, बाकी कुणाला काय हवंय ते गेलं खड्ड्यात.

२३ फेब्रुवारी

"आता सुरेख झाली!" जावई फोनवर. डावीकडे अजून थोडं पळतं, पण चालवून घेतो म्हणाला.

सुरेख म्हणे. त्याने कुठेतरी वाचलंय, शर्यत जिंकणारे सगळे बारा वापरतात, म्हणून बारा म्हटलं की सुरेख आणि आठ म्हटलं की डुलते. आकडा बघून बोलतो झालं. कळतंय काय त्याला कप्पाळ!

वरच्या टोकाला एक डावं वळण आहे. त्याच्या तोंडावरच उंचवटा. तिथे दरी समोर येते, कठडा नाही. तिची गाडी तिथेच उलटली होती. आज दिवसभर काम करताना डोळ्यांसमोर तेच, चाक हवेत, ब्रेक दाबलेला, आणि गाडी सरळ जातेय. भीती वाटते. एवढी भीती मला माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा वाटली नव्हती.

२५ फेब्रुवारी

केलं!

गाडी शेवटच्या तपासणीला माझ्याकडे आलेली. लाल जोडी कपाटातून काढली, घासली, निळा रंग मारला. आठचा आकडा रंगाखाली गेला. उन्हात वाळवल्या आणि बाराच्या जागी बसवल्या. उंची रिंगेवर जुळवून घेतली, डोळ्यांना फरक दिसणार नाही. खऱ्या निळ्या कपाटामागे.

जावई घ्यायला आला. वाकून बघितलं, "वा!" म्हणाला. ओळखलं नाही. मी सांगितलं होतं ना?

आज पोटभर जेवलो.

२७ फेब्रुवारी

माझ्या अकलेचं दिवाळं निघालं.

त्याला वाटतंय खाली बारा आहेत. बाराच्या भरवशावर तो ब्रेक उशिरा मारणार. आठवर नाक खाली बसेल, वळायला वेळ लागेल. त्या वळणावर तेवढा वेळ नाही. त्यात डावीकडे आधीच पळते! मी तिला वाचवायला निघालो आणि स्वतःच्या हाताने... पुढे लिहवत नाही.

सांगायचं का? सांगितलं तर निळ्या परत गाडीत जाणार. नाही सांगितलं तर हे. इकडे आड तिकडे विहीर.

सकाळी सांगतो. सरावाला निघण्याआधी.

२८ फेब्रुवारी, सकाळ

गेले! ठरल्यापेक्षा लवकर निघाले. डोंगरात फोन लागत नाही. जावयाचा नाही, तिचा नाही.

हिला सगळं सांगितलं. रंगाचंसुद्धा. पांढरीफटक पडली. "अहो, काय केलंत हे! गाडी कोण चालव..." एवढं बोलली आणि तोंडावर पदर. मग ओरडलीच माझ्यावर, "लिहीत काय बसलात? जा आधी!"

कारण हात थरथरतायत. किल्ली लागेना. दोन ओळी लिहिल्या की थांबतील असं वाटलं. थांबत नाहीत. जातो.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ

भिंगरी चालवत होती.

वरच्या वळणावर धावत पोचलो तेव्हा गाडी येतच होती. स्टिअरिंगमागे ती. जावई डावीकडे, मांडीवर कागद, घसा फोडून वळणं वाचतोय. ती उंचवट्यावर गेलीच नाही. त्याच्या आतून, वीतभर जागेतून काढली गाडी. मी खाली बसलो.

परत आली, हेल्मेट काढलं. मला बघून दचकलीसुद्धा नाही. "बाबा, पुढच्या स्प्रिंगा बदलल्यात तुम्ही. पहिल्याच वळणाला कळलं. मग बेतानेच चालवली."

"आणि तू सीट बदललीस."

"पहिल्यापासून मीच चालवते, बाबा. आईला माहीत आहे."

कोणी कोणाला ओरडायचं! जावई बिचारा कागदाची घडी घालत उभा. म्हणाला, "मला तर गाडी चालवायची भीतीच वाटते, बाबा." म्हणजे बारा मागणारी भिंगरीच. मी नंदीबैल म्हणत होतो तो नुसता निरोप आणत होता. आणि मी भलत्याच माणसाला भलत्या जागी बसवून रिंगा जुळवत होतो, मग डावीकडे नाक पळेल नाहीतर काय होईल!

शब्दाची आठवण करून देणार होतो. तिच्याकडे बघितलं आणि दिली नाही.

"निळ्या परत लावून द्या," म्हणाली. "मला त्याच हव्यात. उद्या शर्यत आहे."

लावून दिल्या. आणि तिला स्टिअरिंगमागे बसवून रिंगा पुन्हा जुळवल्या.