दांडी तुटू न देण्याची पद्धत

१४ सप्टेंबर, सकाळी १०
आजपासून रोजनिशी. लेक निरीत ५ ऑक्टोबरला येते आहे, सहा वर्षांनी. आम्हा ज्यूंच्या मांडवाच्या सणाला. आणि आम्हा नवरा-बायकोला कायमचं इस्रायलला न्यायला. का, तर बाबा, तुम्हाला आता एकट्याने जमत नाही. जमत नाही! फोनवरच सांगून टाकलं, यंदा गच्चीवरचा मांडव मी स्वतः उभा करणार. दरवर्षी तुळशीराम मांडववाला बांधतो, बांबू आणि काथ्या. जुनाट पद्धत. आपण ॲल्युमिनियमचा सांगाडा करायचा, रिवेट मारून. बाजूंना लाकडी पट्ट्या, त्यांवर कापड स्टेपल गनने. मांडव उभा राहिला की विषय संपला, आम्ही पनवेलमध्येच. शोशाना म्हणाली, तुळशीरामला सांगून ठेवते. खबरदार म्हटलं.

१६ सप्टेंबर
रिवेटची आणि स्टेपलची, दोन्ही गन आणल्या. माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी. वाचलं नाही. पोस्टात तेहतीस वर्षं शिक्के मारलेत, हाताला कळतं.

१८ सप्टेंबर
पहिली रिवेट. भोक पाडलं, घातली, दाबली. फट्! रिवेटची दांडी तुटली. दुसरी. फट्. हलका माल. दोन्ही ड्रिलने उडवल्या.

१९ सप्टेंबर
गन घेतल्या त्या दुकानात जाऊन कल्पेशला झापलं. म्हणतो, काका, दांडी तुटायलाच पायजे. दुकानदार दुसरं काय बोलणार?

२१ सप्टेंबर, दुपार
स्टेपल गन. पिन भलत्याच बाजूने निघाली. गन मी उलटी धरली होती, असं शोशानाचं मत. अंगठ्याला पट्टी. उद्यापासून हातमोजे.

२२ सप्टेंबर
हातमोजे सापडले नाहीत.

२७ सप्टेंबर
पद्धत सापडली! गन अर्धीच दाबायची. दांडी शाबूत राहते. आज बावन्न रिवेट मारल्या, एकही दांडी तुटली नाही. कल्पेशला फोटो पाठवला. उत्तरात नुसते हात जोडलेले. कळलं म्हणायचं.

२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०, उपास सोडल्यावर
दार फळणीचा सण, आमचा क्षमा मागायचा दिवस. दिवसभर पाणीसुद्धा नाही. सिनेगॉगमध्ये वर्षभरात दुखावलेल्या माणसांची आठवण काढत बसलो, तर कल्पेशच समोर. त्याची क्षमा मागितली नाही. माल त्याचा होता. उपास सुटला की लगेच मांडवाचं काम धरायचं, हा आपला रिवाज. गच्चीवर जाऊन एक रिवेट मारून आलो. दांडी शाबूत.

५ ऑक्टोबर
निरीत आली. वाळली आहे पोर. गच्चीवर नेलं. म्हणाली, बाबा, छान उभा आहे. ‘उभा आहे’ हे शब्द तिचे. लिहून ठेवतो. तिच्या बॅगेत आमचे इस्रायलला जायचे अर्ज आहेत, शोशानाने पाहिले.

६ ऑक्टोबर, दुपारी ३
शिरढोणहून छपरासाठी झावळ्या आल्या. आज सूर्यास्ताला सण लागतो. निरीत खालून देत होती, मी चढवत होतो. चार झावळ्या झाल्या. पाचवीला सांगाड्याने गुडघे टेकले आणि तो खाली बसला. कापड माझ्या डोक्यावर.
ते निरीतने काढलं. मग एक रिवेट उचलून बघितली. म्हणाली, बाबा, ही लागलेलीच नाही, दांडी तुटेपर्यंत दाबायचं असतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली. माझी आई थकल्यावर मी तिच्याशी बोलायचो, तसं. फार वाईट वाटलं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
तुळशीराम हजर. शोशानाने सांगून ठेवलंच होतं. बांबू, काथ्या, चाळीस मिनिटं. जाताना म्हणाला, काका, वाईट नका वाटून घेऊ, आमचा रोजचा धंदाच हाय. मी कुठे काय म्हटलं होतं?

९ ऑक्टोबर, सकाळी ११
मांडव अजून उभा आहे. त्यातच जेवतो. जाण्याचा विषय कोणी काढत नाही, म्हणून मीच काढला. अर्जावर सही केली. शोशानानेही केली.
कागद जोडायला घरातला छोटा स्टेपलर सापडेना. म्हटलं, माझी गन आहे की. या वेळी सरळ धरली, तोंड नीट टेकवलं, दोन्ही हातांनी पूर्ण दाबली. पिन सरळ गेली, दोन्ही पाय आत. अशी पिन इतक्या दिवसांत एकही बसली नव्हती.
अर्ज जेवणाच्या टेबलाला पक्का बसला आहे. स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला, फाटला.
निरीत दुसरी प्रिंट काढायला खाली गेली आहे. जाताना म्हणाली, टेबल मात्र नेता येणार नाही, बाबा.