गालावरची आडवी रेघ

प्रिय बारक्या,

आधी बातमी सांगतो, मग पत्र बाजूला ठेवून हवं तेवढं हसून घे. मी दाढी काढली. बावीस वर्षांची दाढी, आणि तीही यंत्र फिरवून उरकलेली नाही. ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा आणि जड दांडीचा, एका पात्याचा रेझर असा सगळा सरंजाम मांडून. ऑफिसात नकाशांच्या टेबलावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी मलाच विचारलं, की साहेब आज रजेवर आहेत का.

लेकीचे फोटो मिळाले. तीन महिन्यांत चांगलीच गुटगुटीत झाली आहे आणि नाक तुझ्यावर गेलंय, त्याला आता इलाज नाही. सतरा फोटो आहेत, मी पुन्हा पुन्हा पाहिले. आईच्या मांडीवर, आजीच्या खांद्यावर, शेजारीणबाईंच्या हातात. तुझ्या हातात ती एकाही फोटोत नाही. फोटो मीच काढत होतो, हे उत्तर तुझ्या ओठावर आलंही असेल. पण एका फोटोत तू आहेस, पाळण्याजवळ, दोन्ही हात पाठीमागे बांधून, वर्गाबाहेर उभं केल्यासारखा. त्याबद्दल लिहायचंय मला, पण ते सरळ लिहिता येत नाही म्हणून आधी दाढीचं ऐक.

सकाळी गरम पाणी सोडलं की बाथरूमचा आरसा धुक्यात जातो. वरच्या लहानशा खिडकीतून उजेडाची पट्टी वाफेत उतरते आणि तिथेच तरंगत राहते. मी वाटीत ब्रश गोल गोल फिरवत असतो. फेस आधी अगदी फुसका असतो, मग हळूहळू सायीसारखा धरायला लागतो. घाई केली की बिघडतो. त्या पाच मिनिटांत मी नक्की कुठे असतो ते मलाही सांगता येणार नाही. कधी झोपेतच असतो, कधी आपल्या जुन्या घराच्या न्हाणीघरात, जिथे नळ थेंब थेंब गळायचा आणि फळीवर बाबांचा डबा असायचा. मग धुकं विरतं. आधी कान दिसतात, मग कपाळ, आणि पांढऱ्या फेसाच्या वर दोन डोळे, अगदी बाबांचे. पहिल्या दिवशी मी दचकून सरळ उभा राहिलो होतो.

पहिल्या आठवड्यात हनुवटीची चाळण झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या डोंगरदऱ्या कागदावर उतरवल्या, पण स्वतःच्या चेहऱ्याचा भूगोल कच्चाच राहिला होता. शेवटी कागदावर चेहरा काढला आणि गालांवरून बोट फिरवत केस कुठून कुठे वाढतात त्याचे बाण काढले. गालावर खाली, गळ्यावर डावीकडे, आणि हनुवटीपाशी एक भोवरा, जो माझ्यासारखाच कुणाचं ऐकत नाही. दुसरं शिकलो ते हाताचं. मी रेझर दाबत होतो. दाबायचं नसतं. दांडीला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरतं. आपण फक्त सैलसर धरायचं आणि वाट दाखवायची.

आणि उजव्या गालावरचा तो व्रण भेटला. तुला आठवतो तेवढा तो मोठा नाही. मलाही मोठाच आठवत होता. तांदळाच्या दाण्याएवढी आडवी रेघ, बस.

ती दुपार तू विसरला नाहीस हे मला ठाऊक आहे. तू सात वर्षांचा, मी अकराचा. न्हाणीघरातल्या स्टुलावर गळ्यात टॉवेल बांधून मी गिऱ्हाईक, तू न्हावी. फळीवरचा बाबांचा रेझर मीच काढून तुझ्या हातात दिला होता, कारण तुझा हात पोचत नव्हता. जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास रोखून तू माझ्या गालावरून तो उतरवत होतास. मग रक्त, आईची धावपळ, आणि संध्याकाळी बाबांनी तुझी बिनपाण्यानं केलेली हजामत. या हातात पुन्हा कुणी काही द्यायचं नाही, असं ते म्हणाले. मी गालाला पट्टी लावून पलंगावर बसलो होतो आणि सगळे मला बिस्किटं आणून देत होते. त्यानंतर तू पात्याला हात लावला नाहीस. सफरचंदसुद्धा तू चिरत नाहीस, दातांनी खातोस. मी दाढी वाढवली तेव्हा आई कौतुकानं सांगायची, की धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून थोरल्यानं व्रण झाकला. ते मोठेपण मी गुपचूप खिशात घातलं.

गेल्या मंगळवारी उजव्या गालावर रेझर होता आणि दारावरची बेल वाजली. मी मान वळवली, एवढंच. जुन्या व्रणाच्या खाली तशीच बारीक लाल रेघ उमटली, तेवढीच, तशीच आडवी. तुरटी फिरवता फिरवता माझा हात थांबला. हलक्या हातानं सरळ खाली आणला तर रेझर केस काढतो. पातं आडवं सरकलं की कातडी कापतं. तुझा हात सरळ येत होता, बारक्या. त्या दुपारी बाहेर आईची पावलं वाजली, आणि आता पकडले जाणार म्हणून मी दाराकडे वळलो.

हे मला मंगळवारीच कळलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मान वळवल्याचं मला नेहमी आठवत होतं. त्यानंच कापलं, हे मात्र मी स्वतःला कधी म्हणू दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर पलंगावर बसून बिस्किटं खात होता. मला माफ कर. हे बाबा असताना, त्यांच्यासमोर सांगायला हवं होतं.

दाढी का काढली ते आता सांगतो. महिन्यापूर्वी तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू तासन्‌तास पाळण्यापाशी उभा राहतोस, पण लेकीला उचलत नाहीस. तिनं फारच आग्रह केला तेव्हा म्हणालास, माझे हात चांगले नाहीत, दादाचा गाल बघ. फोन ठेवून मी कात्री घेतली. व्रण किती लहान आहे त्याचा फोटो तुला पाठवावा, एवढंच मनात होतं. फोटो सोबत आहे, पण तो पुरेसा नाही हे आता कळलंय. वाचून झालं की ऊठ आणि पाळण्यापाशी जा. एक हात मानेखाली घाल, एक पाठीखाली. घट्ट दाबू नकोस, सैलसर धर. ती हलेल, बाळं हलतातच. तुझा हात हलणार नाही. सात वर्षांचा होतास तेव्हाही तो हलला नव्हता. त्या दुपारी त्याच्याकडे इतक्या जवळून बघणारा मी एकटाच होतो.

तुझंच पहिलं गिऱ्हाईक,
दादा